पाणी पिऊन येते

ग्रंथालयाला फोन लावला की आधी एक खाकरणं ऐकू यायचं, मग "बोला, ग्रंथालय." फोन करणारा तावातावाने बोलत असेल, तर त्याचं अर्धं बोलणं ऐकून घेऊन पलीकडचा आवाज अगदी सहज विचारायचा, "जेवलात का?" माणूस गडबडायचा. आपण राखून ठेवलेलं पुस्तक दुसऱ्याच्याच हाती गेलं म्हणून भांडायला निघालेला तो "नाही अजून" असं म्हणून बसायचा, आणि एकदा तसं म्हटलं की भांडणात काही दम उरायचा नाही.

हा आवाज मामांचा. कामावर त्यांना सगळेच मामा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा टेलिफोनचा बोर्ड होता आणि बाहेरून येणारा प्रत्येक फोन त्यांच्या बोटांखालून वर जायचा. मामांना दिसत नव्हतं. हे मोकळेपणाने सांगून टाकलेलं बरं, कारण कुणी आवाज खाली आणून 'त्यांना जरा दिसत नाही' असं म्हणालं की ते भडकत. "जरा कशाला? अजिबात दिसत नाही. सरळ आंधळा म्हणा, लवकर आटपतं." आंधळ्यांवरच्या म्हणी त्यांना तोंडपाठ होत्या. कुणाच्या बोलण्यात चुकून एखादी निसटली आणि तो मध्येच ओशाळून थांबला, की उरलेली म्हण मामा स्वतः पुरी करत.

अशा माणसाच्या डोक्यावर मजल्यांमागून मजले पुस्तकं रचलेली. मिठाईच्या दुकानात कामाला असलेल्या मधुमेह्यासारखी त्यांची गत होती. बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपी त्यांना येत होती, शाळेत शिकले होते. पण तसली पुस्तकं अख्ख्या ग्रंथालयात एक फळीभर. त्यातली निम्मी शाळकरी आणि बाकीची 'खचून जाऊ नका' छापाची. "मी काही खचलो नव्हतो," मामा म्हणत, "ती वाचून मात्र थोडा खचलो."

मग मामी आल्या.

या लग्नाला आपण हो का म्हटलं, हे मामींनी कधी लपवलं नाही. माहेरी छापील म्हणावं असं घरात काही नसे. वाण्याच्या पुडीचा कागदही त्या उलगडून, सरळ करून वाचत. मुलगा आंधळा आहे हे सांगताना घरच्यांनी बरीच वळणं घेतली, पण तेवढी गरजच नव्हती. मामींनी विचारलं, "कामाला कुठे आहे?" ग्रंथालयात. "पुस्तकं घरी आणता येतात?" येत असतील. "मग चालेल." पुढे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हिने माझ्याशी नाही, माझ्या कार्डाशी लग्न केलंय."

पण थट्टा नंतरची. पहिला आठवडा दोघांनाही जड गेला. दोन खोल्या, दोन अनोळखी माणसं, आणि बोलायला विषय नाही. मामींनी मागितलं म्हणून मामांनी एक पुस्तक आणलं. काउंटरवरच्या माणसाने हाताला लागलं ते दिलं होतं. संध्याकाळी मामी खिडकीशी बसून मनातल्या मनात वाचू लागल्या. मामा पलीकडे खुर्चीत. पान उलटल्याचा आवाज येई, थोड्या वेळाने पुन्हा येई. शेवटी मामांना राहवलं नाही. "अगं, मोठ्याने वाच की. मीही आहे घरात."

मामी थोड्या दचकल्या, मग पहिल्या पानापासून वाचू लागल्या.

गोष्ट एका नावाड्याची होती. नदीकाठी घर, तो माणसं पैलतीरी नेतो आणतो, बायको घर बघते. मग एक दिवस नाव ओढताना त्याचा पाय चिरडतो, नाव दुसऱ्याच्या हाती जाते, आणि घरात बसून बसून तो माणूस कडू होतो. एका सकाळी बायको दुसऱ्याच कुणाच्या तरी नावेत बसते. मामा कान देऊन ऐकत होते. तिने काठ सोडला तिथे मामींचा आवाज थांबला. "घसा सुकला," त्या म्हणाल्या. "पाणी पिऊन येते." आतल्या खोलीत भांड्यावरचं झाकण वाजलं. परत आल्या त्या म्हणाल्या, उरलेलं उद्या.

दुसऱ्या दिवशी बायको परत आली. शेवटच्या नावेने, गुडघ्यापर्यंत भिजून, दारात येऊन उभी राहिली. इतके दिवस कुठे होतीस, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जेवलात का?"

मामांना ते इतकं आवडलं की पुढे ते वाक्य त्यांचंच होऊन गेलं. जगातली निम्मी भांडणं त्या दोन शब्दांत मिटतात असं त्यांचं मत होतं, आणि बोर्डावर बसून त्यांनी ते पडताळूनही पाहिलं होतं.

तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की वाचन, हा घराचा नेम झाला. मामींनी दिलेल्या कापडी पिशवीतून मामा पुस्तकं आणायचे, न्यायचे. मामी वाचायच्या म्हणजे नुसत्या वाचायच्या नाहीत. म्हाताऱ्याचा आवाज वेगळा, पोराचा वेगळा, आणि लेखक फार पाल्हाळ लावू लागला की "ह्याला कुणीतरी आवरा" असा स्वतःचा शेरा. भाजी चिरतानाही पुस्तक पुढ्यात असे. लेक त्या वाचनात वाढली, त्या वाचनातच झोपली, लग्न होऊन लांब गेली. अधूनमधून मामींचा घसा सुकायचा. "पाणी पिऊन येते." मामा म्हणायचे, हिचा घसा पहिल्यापासून नाजूक.

एकदा एका प्राध्यापकांचा फोन जोडता जोडता नावाड्याच्या पुस्तकाचा विषय निघाला. प्राध्यापक म्हणाले, "मामा, शेवट तसा नाहीये. ती परत येत नाही." मामांनी नम्रपणे सांगितलं, "सर, तुम्हाला शेवटची पानं फाटलेली प्रत मिळाली असणार." घरी येऊन ही गंमत सांगितली तेव्हा मामी म्हणाल्या, "हल्ली शेवटपर्यंत वाचायचा धीरच नसतो लोकांना."

यथावकाश ग्रंथालयात यंत्रं आली. तळमजल्यावरचं दालन रिकामं करून तिथे पुस्तकांची चित्रं काढायचं काम सुरू झालं. दिवसभर एक घरघर, तिच्यात पान उलटल्याचा आवाज, मग 'चट्', पुन्हा पान, पुन्हा 'चट्'. फळ्यांच्या फळ्या खाली यायच्या, यंत्राच्या पोटात जायच्या आणि परत वर. त्या खात्याच्या प्रमुख बाईंना लोक स्कॅनबाई म्हणू लागले. त्यांनाही ते नाव चाललं.

सगळं पुस्तक यंत्रात गेलं म्हणजे सगळ्यांना घरबसल्या वाचता येणार, असं लोकांनी धरून ठेवलं होतं. तसं नव्हतं. लेखक जाऊन ठरलेली वर्षं उलटली असतील तर पुस्तक उघडं, नाहीतर बंद. बंद म्हणजे असं की यंत्रात शब्द टाकला तर तो कोणत्या पानावर किती वेळा आहे तेवढं कळेल, पान दिसणार नाही. आणि ज्यांचा लेखक कोण, वारस कोण हेच कुणाला ठाऊक नाही अशी ढिगाने बेवारस पुस्तकं; त्यांची परवानगी मागायची कुणाकडे ते कळेना, म्हणून तीही बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी.

लोकांच्या तक्रारी अर्थातच मामांच्या बोर्डावर आल्या. खिशाखिशात फोन आल्यापासून बोर्डाला तसं काम राहिलं नव्हतं, आता हेच.

"पुस्तक दिसतंय, पण उघडत नाही."

"लेखकाला जाऊन अजून पुरेशी वर्षं झालेली नाहीत."

"मग मी काय करू?"

"वाट बघा."

"आणि लेखक जिवंत असेल तर?"

"मग तब्येतीला जपा. तुमच्या."

चेष्टा करत, पण मामांना कायदा मनापासून पटलेला होता. एखाद्याने वर्षानुवर्षं खपून काही लिहिलं, तर त्याला न विचारता ते उचलू नये आणि त्यात कालवाकालव तर मुळीच करू नये, यात चुकीचं काय? फोनवर वाद घालणाऱ्याला ते हेच सांगत.

एका दुपारी स्कॅनबाई जिन्याखालच्या खोलीत आल्या. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "मामा, एक गंमत सांगते. ज्यांना छापलेलं वाचता येत नाही, त्यांना कायद्याने सूट आहे. बंद पुस्तकंसुद्धा. यंत्र तुम्हाला वाचून दाखवेल, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. म्हणजे अगदी आंधळा मागतो एक..." आणि त्या गप्प झाल्या.

"...डोळा, देव देतो दोन," मामांनी पुरं केलं. "सही कुठे करू?"

"इथे. अट एकच. तुम्ही ऐकायचं, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, ऐकवायचं नाही."

"घरातही?"

"मामींना दिसतं ना? मग त्यांच्यासाठी नाही."

मामा मोठ्याने हसले. "म्हणजे आता आमच्या घरात आंधळी ती!"

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर मामींनी पुस्तक उघडलं तेव्हा मामा बाईंनी दिलेलं वाचून दाखवणारं यंत्र कानाला लावत होते. "तू कशाला डोळे ताणतेस आता?" ते म्हणाले. "बारीक अक्षर तुला हल्ली नीट लागत नाही." हे ते मायेनेच म्हणाले, त्यात खोट नव्हती, मामींच्या चष्म्याचा नंबर खरंच वाढत चालला होता. मामी म्हणाल्या, "बरं." पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. ज्याने जन्मभर आवाजावर पोट भरलं त्या माणसाला त्या 'बरं'मधलं काही ऐकू आलं नाही, याला काय म्हणावं!

मामा अधाशासारखे ऐकत सुटले. यंत्र पुरुषाच्या नाही, बाईच्या नाही अशा आवाजात वाचायचं. ते श्वास घेत नसे. ग्रंथालयाचा शिक्काही वाचायचं, पानाचा आकडाही, आणि मरणाच्या प्रसंगातही मध्येच 'पानांवर खुणा करू नयेत' असं बजावायचं. पण थकत नसे. मामांना वाटलं, इतकी वर्षं मामींच्या सवडीने मिळालं, आता पोटभर मिळतंय. मामी पलीकडे बसून असत. लेकीचा फोन आला तर बोलत, नाहीतर नुसत्या बसत. कधी विचारत, "काय चाललंय पुस्तकात?" मामा एका कानावरचं यंत्र उचलून दोन वाक्यांत सांगत आणि पुन्हा लावत.

असेच एकदा स्कॅनबाई कौतुकाने म्हणाल्या, "मामा, एखादं वाक्य सांगा. सगळ्या पुस्तकांत कुठे कुठे आहे ते क्षणात काढून देते."

"जेवलात का," मामा म्हणाले.

बोटांची टकटक झाली. पुष्कळ पुस्तकं निघाली. बाई नावं वाचत गेल्या. मामा ऐकत होते. "नावाड्याचं राहिलं," ते म्हणाले.

"त्यात नाहीये."

"असं कसं? शेवटच्या पानावर आहे."

बाईंनी पुन्हा पाहिलं. "नाही मामा. एकदाही नाही."

"यंत्र चुकलं असेल."

"एखादं अक्षर चुकतं कधी, पण..." त्या थांबल्या. मग त्यांनी सहज नावाड्याच्या पुस्तकातले जास्त वेळा आलेले शब्द काढले. "नदी आहे, नाव आहे. आणि 'आंधळा' बराच वेळा आहे."

"त्या पुस्तकात आंधळा कुठून आला? नावाडी लंगडा आहे."

"पान मला उघडता येत नाही. मला फक्त आकडा दिसतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला येतं."

बाई गेल्यावर मामांनी दार लोटलं, बोर्डावरचे फोन वाजू दिले आणि नावाड्याचं पुस्तक ऐकलं.

नावाड्याचा पाय चिरडत नाही. त्याला ताप येतो आणि तापात डोळे जातात. घर कडू होतं. एका सकाळी बायको दुसऱ्याच्या नावेत बसते. तो काठावर उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक नावेला ओ देतो. पुस्तक संपेपर्यंत ओ देत राहतो. ती येत नाही. तिथे यंत्राने शेवटच्या पानाचा आकडा वाचला, शिक्का वाचला आणि ते थांबलं.

मामांनी दुसरं एक पुस्तक लावलं, मग तिसरं. मामींच्या वाचनातला तो म्हातारा गवई मूळ पुस्तकात आंधळा भिकारी होता. ज्या पोराला मामींनी तोतरं केलं होतं, ते पोर खरं तर विहिरीत पडतं, कारण त्याला विहीर दिसत नाही. एका पुस्तकात आंधळ्याला शेवटी दिसू लागतं आणि सगळे आनंदाने रडतात. मामींनी त्याला सुरुवातीपासूनच डोळस ठेवून गावातला सगळ्यात चांगला वाजंत्री करून टाकलं होतं. आणि प्रत्येक ठिकाणी मामांना एक गोष्ट लख्ख आठवत होती. अगदी त्या त्या जागी मामी उठल्या होत्या. पाणी पिऊन येते.

इतक्या वर्षांत मामींच्या वाचनात एकही आंधळा आला नव्हता. मामांना ते कधी खटकलंही नव्हतं. जगातले लेखक आंधळ्यांबद्दल लिहीत नसतील, असंच त्यांनी गृहीत धरलं होतं.

राग आला, आणि तो चांगला सणसणीत आला. आपण काय तान्हं बाळ होतो? प्राध्यापकांना शहाणपणा शिकवायला गेलो, ते मनात काय म्हणाले असतील! एखाद्याच्या पुस्तकात कालवाकालव करू नये असं दुनियेला बजावत बसलो आणि घरात रोज संध्याकाळी तेच. घरी येऊन ते थेट खुर्चीत जाऊन बसले.

"बरं नाही का?" मामींनी विचारलं.

"बरा आहे."

"काय ऐकलंत आज?"

"नावाड्याचं."

मामी उठल्या. आतून भांड्यावरचं झाकण वाजलं, पेला भरल्याचा आवाज आला. आज तर त्यांच्या हातात पुस्तकही नव्हतं.

त्यानंतर घरात फक्त कामापुरतं बोलणं राहिलं. मामा अबोल्यात तरबेज नव्हते, त्यांचा तो धंदाच नव्हता. त्यामुळे हाल त्यांचेच झाले. रागाखाली आणखी एक गोष्ट सलत होती आणि तिला हात लावायची त्यांना भीती वाटत होती. इतर पुस्तकांचं ठीक आहे. पण लग्नाच्या पहिल्या आठवड्यात, आंधळ्या नवऱ्यापुढे बसून, आंधळ्याला सोडून जाणाऱ्या बाईचं पान वाचताना नव्या नवरीचा घसा का सुकला?

शेवटी ते स्कॅनबाईंकडे गेले. "बाई, कायद्याचं विचारायचंय. कुणी दुसऱ्याचं पुस्तक वाचून दाखवताना मनाने बदललं, तर गुन्हा होतो?"

"छापलं का?"

"छे. घरातल्या घरात. ऐकणारा एकच."

"मग कायदा एवढा आत येत नाही मामा."

"आणि जे नवीन रचलं, ते कुणाचं?"

"कुठे लिहून ठेवलंय?"

"नाही."

"रेकॉर्ड केलंय?"

"नाही."

"मग कायद्याच्या लेखी ते झालेलंच नाही," बाई म्हणाल्या.

मामा काठी टेकत घराकडे निघाले. झालेलंच नाही? त्या शेवटावर आपण उभं आयुष्य काढलं, ते झालेलं नाही? चालता चालता त्यांनी मामींचा शेवट मनात म्हणायला घेतला. शेवटची नाव. गुडघ्यापर्यंत भिजलेली बायको. दार. "जेवलात का?" आणि मग... मग नावाडी काहीतरी म्हणाला होता. नक्की म्हणाला होता. ते ऐकून आपण हसलो होतो की गहिवरलो होतो. पण तिथे आता दुसराच आवाज येत होता, ना बाईचा ना पुरुषाचा, आणि तो काठावर उभ्या असलेल्या माणसाची हाक वाचत होता. मामांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. पुन्हा तोच आवाज.

मामा रस्त्यात थांबले. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वळसा घालून गेला. त्यांना आयुष्यात फार थोड्या गोष्टींची भीती वाटली होती; आता वाटली. यंत्रातल्या पुस्तकाला काही होणार नव्हतं. ग्रंथालय जळलं तरी ते कुठे ना कुठे राहणार होतं. मामींचं पुस्तक जगात एकाच जागी होतं, मामांच्या कानात, आणि ते त्यांनीच स्वतःच्या हाताने पुसायला घेतलं होतं. रागाचं काय झालं ते त्यांना कळलंही नाही.

घरी आले तेव्हा मामी वाळलेले कपडे घडी करत होत्या. कापडाचा झटका, मग हात फिरवल्याचा आवाज.

"ती परत येत नाही," मामा उभ्या उभ्याच म्हणाले.

"नाही येत," मामी म्हणाल्या. हात थांबले. "तो आंधळा होतो आणि ती निघून जाते. लग्नाला आठवडा होत होता. तुम्ही समोर कान देऊन बसलेले. काय वाचणार होते मी?"

"म्हणून पाय मोडलास त्याचा?"

"काहीतरी मोडायलाच हवं होतं ना! आधी नुसताच तापाने पाडला होता. तुम्ही चहाला थांबवलंत म्हणून बरं. पुढची पानं चाळून घेतली आणि पाय मोडला."

मामांना नको असताना हसू आलं. ते खुर्चीत बसले. हसू ओसरल्यावर त्यांनी ते विचारून टाकलं. "तुझ्या मनात आलं होतं का? जायचं?"

मामींनी घाई केली नाही. "आलं होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तक आणायच्या आधीच आलं होतं. पुस्तकांसाठी हो म्हटलं खरं, पण इथे आल्यावर वाटलं, हे आपल्याला जमणार नाही. पिशवी भरून ठेवली होती मी, पलंगाखाली. आणि ते पान आलं. वाटलं, त्या लेखकाने येऊन माझी पिशवीच बघितली."

"मग?"

"मग पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारभर विचार केला, हिला परत कशी आणायची. दारात येऊन ती पहिलं काय बोलेल, तेच सुचेना. संध्याकाळी तुम्ही आलात, दमलेले. मी दार उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, जेवलात का. दुपारचा डबा तसाच परत आणला होता तुम्ही. तेच मग तिला दिलं."

मामांना तो डबा आठवला नाही. दार आठवलं.

"आणि पिशवी?"

"कुठली पिशवी? रिकामी केली. तिच्यातूनच तर पुस्तकं आणताय इतकी वर्षं."

मामांना खूप काही म्हणायचं होतं. जन्मभर इतरांचे आवाज इकडून तिकडे जोडून दिले, आणि स्वतःची वेळ आली तर लाइनच लागेना. शेवटी त्यांनी कानाचं यंत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

"वाच," ते म्हणाले.

"डोळ्यांना बारीक दिसत नाही आता."

"दिसायला हवंय कुठे? नावाड्याचं वाच."

"पुस्तक नाही घरात."

"नकोच आहे."

मामींनी कपड्यांची चळत बाजूला सारली आणि त्या नेहमीच्या जागी, खिडकीशी जाऊन बसल्या. सुरुवात थोडी अडखळत झाली. मग नदी आली, घाट आला, नावाड्याचा तो जाडा आवाज आला, आणि "ह्याला कुणीतरी आवरा" हेही आलं. नावाड्याचा पाय चिरडला. घर कडू झालं. एका सकाळी बायको दुसऱ्याच्या नावेत पाय ठेवते तिथे मामी थांबल्या.

मामा उठले. भिंतीला हात लावत आत गेले. भांड्यावरचं झाकण वाजलं. पेला घेऊन ते परत आले आणि त्यांनी तो मामींच्या हातात दिला. मामी सावकाश प्यायल्या. पेला खाली ठेवला.

शेवटची नाव आली. बायको उतरली, गुडघ्यापर्यंत भिजून दारात उभी राहिली.

"जेवलात का?" मामी म्हणाल्या.

मामा खुर्चीच्या कडेवर आले. "आणि तो? तो काय म्हणाला?"

"तो म्हणाला, नाही अजून. रोज दोघांचं करून ठेवतो."

मामा खुर्चीत मागे टेकले. "तेव्हाही हेच म्हणाला होता?"

"तुम्हाला आठवतंय का?"

"नाही."

"मग हेच म्हणाला होता," मामी म्हणाल्या.